शरू, सुई किती वर होती?

चि. शरू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास (आई म्हणते कट केलास, मी म्हणतो नेट गेलं असेल), त्यानंतर मी जेवलो नाही वगैरे काही नाही, चांगला दोन भाकरी जेवलो, पण झोप काही लागली नाही म्हणून हे लिहायला बसलोय. मोबाईलवर टाईप करतोय, चुका सांभाळून घे.

आधी माझी चूक. व्हिडिओत तुझ्या त्या लाकडाच्या शेगडीच्या धुराड्याच्या पाइपवरच्या गोल मीटरची सुई 550 वर दिसली आणि मी ओरडलो. मला वाटलं सेल्सिअस. अगं चौतीस वर्षं क्युपोलासमोर, म्हणजे बीड (ओतीव लोखंड) वितळवायच्या भट्टीसमोर काढलेल्या माणसाच्या डोक्यात फॅरनहाइट येतच नाही. 550 सेल्सिअसला अंधारात लोखंड तांबूस दिसायला लागतं, आणि तुझ्या घराच्या सगळ्या भिंती लाकडाच्या! तू हसलीस, तुझ्या जोडीला तुझी आईपण हसली, मग मी जास्तच चिडलो. रात्री वहीत गणित केलं. 550 फॅरनहाइट म्हणजे 288 सेल्सिअस. म्हणजे मी जवळजवळ दुप्पट घाबरलो. सॉरी.

पण शरू, 288 पण जास्तच आहे बाई. आता तोंड वाकडं करू नको, पुढचं वाच. ते चुंबकाचं मीटर पाइपच्या वरच्या अंगाचं तापमान दाखवतं. आतला धूर त्याच्या दीडपट, कधी दुप्पट गरम असतो. म्हणून त्या मीटरवर साधारण 230 ते 475 फॅरनहाइट हाच पट्टा चांगला धरतात, आपल्या भाषेत 110 ते 245 सेल्सिअस. 475 च्या वर लाल रंग दिलेला असतो तो शोभेला नाही. आणि मीटर शेगडीपासून दीडेक फूट वर लावलंय ना? पाइप एकेरी पत्र्याचा आहे का दुहेरी तेपण बघ. दुहेरी असेल तर बाहेरून चिकटवलेलं मीटर काही कामाचं नाही, बाहेरचा पत्रा गारच राहतो, त्याला भोक पाडून आत सळई जाणारं मीटर लागतं, आणि त्याचे आकडे वेगळे, जास्त असतात.

तू म्हणालीस पेटवताना दार किलकिलं ठेवलं होतं आणि तेवढ्यात अनिकेतरावांचा फोन आला. तेच. दार उघडं म्हणजे भाता मारल्यासारखंच, पाच मिनिटात सुई कुठल्या कुठं जाते. दार उघडं असेल तोवर तिथून हलायचं नाही, फोन कुणाचाही येऊ दे, माझा आला तरी.

आता खरं सांगायचं ते हे, आणि ह्याच्यासाठीच झोप गेली. मी ओरडलो म्हणून तू आता घाबरून जाळ मंद ठेवशील. तुझा स्वभाव मला माहितेय, सायकलवरून पडलीस तर सहा महिने सायकलला हात लावला नव्हतास. तर मंद ठेवू नको. मंद जाळ जास्त वाईट. रात्री झोपताना हवा पूर्ण बंद करून लाकडं नुसती धुमसत ठेवायची, सकाळपर्यंत घर उबदार, असं तू मागं म्हणाली होतीस ते मला तेव्हाच खटकलं होतं. सुई 230 च्या खाली राहिली की धूर वर जाता जाता गार होतो आणि धुराड्याला आतून डांबरासारखा थर धरतो, क्रिओसोट म्हणतात त्याला. आजीच्या स्वयंपाकघरातलं आढं आठवतं का, काळं चकचकीत, नखानं खरवडलं तर निघायचं नाही? तसं. आणि मग एखाद्या दिवशी कालच्यासारखी सुई वर गेली की तो थर पेटतो. 1100 डिग्रीपर्यंत जातं म्हणतात, आता सेल्सिअस. अगं आमचं बीड 1150 च्या आसपास वितळतं!

तसा आवाज आला, आगगाडी घरातून चाललीय असा घरघराट, तर दार आणि हवा बंद करायची, घराबाहेर पडायचं, तिकडच्या 911 ला फोन करायचा. पाणी अजिबात मारायचं नाही. तापलेल्या बिडावर पाणी पडलं की ते तडकतं, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही, माझ्या मनगटावरचा डाग लहानपणी तू रोज मोजायचीस.

लाकडाचं पण बघ. विकणारा म्हणतो वाळलेलं आहे, म्हणणारच. ओकला दोन-दोन वर्षं लागतात वाळायला. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचं, बाहेरून नाही, आणि 20 टक्क्याच्या आत पाहिजे. ओलं लाकूड आधी स्वतःचं पाणी उकळत बसतं, सुई वर चढतच नाही. आजी मिरग निघायच्या आत शेणी आणि जळण खोपटात रचून घ्यायची आणि एक जरी ओलं लाकूड चुलीत गेलं तरी आईला ऐकवायची. आईनं ते अजून धरून ठेवलंय.

लेक्चर झालं ना. मला लिहिताना कळतंय पण थांबता येत नाही. तू तिथं सोमवार ते गुरुवार एकटी, बर्फात लाईट जाते, तेव्हा हीच शेगडी उपयोगाला येते हे मलापण पटतं. तू स्वतः फोडून रचलेल्या लाकडांचा फोटो मी रंकाळ्यावर सगळ्यांना दाखवलाय. एक जण म्हणाला एवढं शिकून अमेरिकेत व्हरमाँटमध्ये जाऊन लाकडंच फोडायची का, त्याच्याशी मी सध्या बोलत नाही.

थोरल्या काकांच्या गुऱ्हाळात तू चार वर्षांची असताना चुलवाणाच्या तोंडाशी जाऊन बसायचीस. तिथं चिपाडं टाकणाऱ्याला वरची काहील दिसत नाही, गुळव्या वरून ओरडणार, वाढव, कमी कर, तसा तो जाळ घालणार. तुला वाटायचं ते दोघं भांडतायत. आता मी खाली बसल्यासारखा आहे, मला काहील दिसत नाही, आणि उलट मीच ओरडतोय.

अजून एक, मग बास. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आहे का, आणि त्याच्यात सेल आहेत का? तू झालीस तेव्हा डिसेंबर होता. आजीनं बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेतल्या, वारं लागू नये म्हणून. मी सेकंड शिफ्टवरून आलो तर आईचं डोकं ठणकत होतं, उठता येईना, आणि तू गप्प पडलेली. खिडकी उघडली तर आजी माझ्याशी भांडली, पोरीला सर्दी झाली म्हणजे? दहा मिनिटांनी तू जे रडलीस, जे रडलीस. मी तेव्हा तुला घेऊन बाहेर अंगणात उभा होतो थंडीत. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आईनं सांगू नको म्हणून सांगितलं होतं.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढ आणि घरापासून लांब जमिनीवर ठेव, लाकडी डेकवर नाही, निखारा राखेत दोन-चार दिवस जिवंत राहतो. धुराडं वर्षातून एकदा माणूस बोलावून तपासून घ्यायचं. आणि ते मीटर थंड असताना काढून तुझ्या किचनच्या ओव्हनमध्ये 400 वर ठेवून बघ बरोबर दाखवतंय का. चुकीचं दाखवत असेल तर कालचा आकडाच खोटा आणि आपण उगाच भांडलो.

पार्सलमध्ये माझे चामड्याचे हातमोजे टाकतोय, कोपरापर्यंतचे, कडक झालेत थोडे, तेल लाव. आई मेतकूट टाकतेय आणि विचारतेय की त्या बंबावर (ती बंबच म्हणते) दूध तापवता येतं का.

आज रात्री झोपताना सुईचा फोटो टाक. आकडा दिसेल असा, मागच्या वेळी नुसतं मांजर आलं होतं.

तुझा,
बाबा