हायमास्टचा झोत वाळूवर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणात किनाऱ्यावरच्या गावांत पाखाडी, गटार यांच्या जोडीला आता हायमास्टची, म्हणजे उंच खांबावरच्या झगझगीत दिव्यांची, मागणी ठरलेली असते. रात्री होडी वर ओढणाऱ्याला उजेड लागतो, हे खरेच. पण नोव्हेंबर ते मे या काळात वाळूवर पडणारा पांढरा झोत कासवांच्या मुळावर येतो.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री भरतीरेषेच्या वर चढते. मागच्या वल्ह्यांनी हातभर खोल, तोंडाशी अरुंद नि तळाशी मडक्यासारखा फुगीर खड्डा काढून त्यात शंभरेक अंडी घालते. वाळू उजेडात दिसली तर न घालताच परतते. वाट किती लांबची असावी? ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ साली बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली.

पिल्ले ४५ ते ६० दिवसांनी, बहुधा रात्रीच निघतात. वरची वाळू गार झाली की खाली थबकलेला सगळा जथा एकदम वर येतो. समुद्र ओळखायची त्यांची मुख्य खूण म्हणजे क्षितिजालगतचा उजळ पट्टा: मागे सुरू-माडांची काळी रेघ, पुढे पाण्याची फिकट चमक. हायमास्टने हेच उलटे होते. पिल्ले माडांकडे चालू लागतात, मर्यादवेलीत अडकतात, कुत्री नि खेकडे त्यांना टिपतात, उरलेली उन्हात सुकतात. सकाळी माग पाहावेत. नीट गेलेल्या पिल्लांचे माग पंख्यासारखे पाण्याकडे उघडतात, भरकटलेल्यांचे गोल गोल फिरून रस्त्याच्या बाजूला जातात.

अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या कुंपणात, नेतात, मग दिव्याचे काय, असे विचारले जाते. पण प्रत्येक घरटे सापडत नाही. सापडले तरी अंडी काही तासांत, उलटीपालटी न करता हलवावी लागतात. उशिरा फिरवली तर कवचाला आतून चिकटलेला गर्भ दगावतो.

उपाय महाग नाहीत. दिवा अंबर (पिवळसर नारिंगी) एलईडीचा, ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा घ्यावा. दुकानात ‘वॉर्म व्हाइट’ म्हणून जे मिळते ते हे नव्हे, त्यात पिल्लांना ओढणारा निळा प्रकाश असतोच. पांढऱ्या दिव्याला पिवळा कागद गुंडाळण्याची युक्तीही टिकत नाही, कागद उन्हाने विटतो. (जुने पिवळे सोडियमचे दिवे त्यामानाने बरे होते, ते काढून पांढरे लावले, ही आपली ‘सुधारणा’.) खांब बुटका असावा, दिव्याला समुद्राच्या बाजूने पत्र्याची झड (आडोसा) हवी आणि झोत सरळ खाली. झड पुरते की नाही, हे खांबाखाली उभे राहून कळत नाही. रात्री वाळूवर पालथे पडून, डोळे वीतभर उंचीवर ठेवून पाहावे. बल्ब दिसला तर तो पिल्लालाही दिसतो.

रिसॉर्टवाल्यांनी समुद्राकडच्या खिडक्यांना जाड पडदे लावावेत, बागेतली रोषणाई या महिन्यांत बंद ठेवावी. कासव महोत्सवाला येणाऱ्यांनी मोबाइलचा फ्लॅश वापरू नये. बॅटरी लागलीच तर काचेवर लाल जिलेटीन कागदाचा दुहेरी थर लावावा.

ग्रामपंचायतींना विनंती एवढीच: दिव्यांचे अंदाजपत्रक करतानाच अंबर दिवा, समुद्राकडे झड आणि वेगळा स्विच या तीन बाबी लिहून घ्याव्यात. वेगळा स्विच असला की होड्या लागल्यावर दिवा बंद करता येतो. सगळे खांब एकाच टायमरवर जोडले तर रस्त्यावर अंधार नको म्हणून किनाराही रात्रभर जळत राहतो.

– एक वाचक, दापोली