पहिल्या उल्लेखात तरी पूर्ण लिही

नाशिक
दिनांक १६ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, 'किमान निर्यात मूल्य' न लिहिता 'एमईपी' लिहिले तर एवढे काय बिघडते? मथळ्यात जागा नसते आणि हल्ली सगळ्यांना कळते." तुझी कामाची वेळ होती, मलाही माझे म्हणणे घाईत नीट मांडता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. बातम्यांमधली आणि रोजच्या बोलण्यातली ही आद्याक्षरे मला मनापासून खुपतात. तू आता बातम्यांच्या डेस्कवर बसतेस, तेव्हा माझी तक्रार तुझ्या कानावर घालण्यात काही अर्थ आहे.

कांद्यापासूनच सुरुवात करतो. निफाड तालुक्यात आधी तलाठी आणि पुढे मंडळ अधिकारी म्हणून माझी बहुतेक नोकरी गेली, हे तू जाणतेसच. तिथल्या माणसाला कांद्याची बातमी करमणूक म्हणून नको असते. कांदाचाळीत साठवलेला माल आज काढायचा की आणखी थांबायचे, याचा निर्णय तो त्या बातमीवर घेतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये ती उघडली, पण टनाला ५५० डॉलर हे किमान निर्यात मूल्य आणि त्यावर ४० टक्के शुल्क, अशा दोन अटी लावून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट काढून टाकली आणि शुल्क निम्म्यावर आणले. त्या दिवशी दूरचित्रवाणीच्या पडद्याखालून 'कांद्यावरील एमईपी हटवला' अशी पट्टी सरकत होती, आणि माझ्या जुन्या ओळखीच्या एका वयस्कर शेतकऱ्याचा मला फोन आला, "भाऊसाहेब, हमीभाव काढून घेतला का सरकारनं?"

त्याने 'एमएसपी' (किमान आधारभूत किंमत, म्हणजेच हमीभाव) हा शब्द आंदोलनांच्या बातम्यांत अनेकदा ऐकला होता, त्यामुळे 'एमईपी' त्याला तसाच वाटला. कांद्याला हमीभाव नाहीच, हे त्याला माहीत नव्हते असे नाही. पण पट्टीवर आले म्हणजे मध्यंतरी काहीतरी झाले असेल, अशी त्याची समजूत झाली. आता विचार कर. किमान आधारभूत किंमत शेतकऱ्याच्या बाजूची असते, ती काढली तर त्याचे नुकसान. किमान निर्यात मूल्य म्हणजे त्याहून स्वस्त माल परदेशी पाठवायला मनाई, ती उठली तर बाजारात उठाव येण्याची शक्यता. एक बातमी काळजीची आणि दुसरी दिलाशाची, आणि दोन्हींमध्ये फरक एका आद्याक्षराचा. 'कांदा निर्यातीवरील किमान दराची अट रद्द' एवढे लिहिले असते, तर तो माणूस त्या संध्याकाळी अकारण घाबरला नसता. हल्ली सगळ्यांना कळते, हे तुझे म्हणणे तुमच्या खोलीतल्या सगळ्यांपुरते खरे आहे. त्याच्या मुलालाही कळले असते. त्याला कळले नाही, आणि माल त्याचा होता.

मी संक्षेपांच्या सरसकट विरोधात आहे असे समजू नकोस. आपल्या नाशिकमध्ये 'सीबीएसला', म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, 'उतरतो' असे कोणी म्हटले तर मला काहीही खटकत नाही, आणि १८४० सालापासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाला 'सावाना' म्हणताना तर त्यात जिव्हाळाच असतो. ही नावे इथल्या माणसांनी येता-जाता वापरून आपोआप लहान केली. ती लहान होताना सारे गाव हजर होते. जुन्या मोडी कागदांतही परगण्यासाठी 'प॥' एवढेच लिहीत, आणि तुझ्या आजोबांच्या पत्रांतला 'सा. न. वि. वि.' (साष्टांग नमस्कार विनंती विशेष) तर शाळेतच शिकवला जाई. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात ती खूण आधीच ठरलेली होती. अनोळखी लाखो लोकांसाठी लिहिलेल्या बातमीत असे काहीच ठरलेले नसते, आणि तरीही सर्वांनी तो अर्थ घरून शिकून यावे अशी अपेक्षा केली जाते. माझा आक्षेप तिथे आहे.

गावाने आपलेसे केलेल्या संक्षेपांतही काहीतरी हरवतेच, हेही सांगून ठेवतो. केटीएचएम महाविद्यालयात शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांना त्या अक्षरांत थोरात, हिरे आणि मुरकुटे ही बहुजनांच्या शिक्षणासाठी झटलेल्या माणसांची आडनावे आहेत, हे ठाऊक नसते. ज्यांच्या स्मरणार्थ नाव दिले तेच नावातून नाहीसे झाले, याचे मला वाईट वाटते.

पण याहून गंभीर गोष्ट कायद्यांच्या आणि योजनांच्या नावांची आहे. महाराष्ट्राने १९७७ साली जो कायदा केला, त्याच्या योजनेला लोक 'रोजगार हमी' म्हणत. दुष्काळात खडी फोडणारी बाईसुद्धा 'हमीच्या कामावर' जाते असे सांगायची, आणि काम मिळाले नाही तर त्याच शब्दाच्या आधाराने ती माझ्यासमोर येऊन जाब विचारायची. कचेरीत त्याचे 'रोहयो' झाले. त्या शब्दाच्या आधारे कुणाला काही मागता येत नाही. माहितीचा अधिकार २००५ साली देशभर लागू झाला; ते नाव नुसते ऐकले तरी माहिती मागता येते आणि तो आपला अधिकार आहे, हे दोन्ही समजते. आता सर्वत्र 'आरटीआय टाकला' असे ऐकू येते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याचे 'आरटीई' झाले, आणि त्यात ज्या शब्दामुळे गरीब आईबाप थांबून बातमी वाचतील, तो 'मोफत' हा शब्दच गेला. आरटीआय, आरटीई, आरटीओ, आयटीआय ही चारही नावे एकाच दिवशीच्या अंकात समोर ठेवून पाहा, आणि पहिल्यांदाच वर्तमानपत्र वाचायला बसलेल्या माणसाच्या नजरेने ती वाच.

'एसटी' या शब्दाने तर मला फारच अस्वस्थ केले आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर पहिली गाडी धावली, तेव्हापासून 'एसटी' म्हणजे आपली बस. खेड्यापाड्यांत हा शब्द इतका रुळला की त्याला पर्याय सुचवणे अन्यायाचे होईल. पण आता बातम्यांत अनुसूचित जमातींनाही 'एसटी' असेच लिहितात. 'एसटी आरक्षणात बदल' असा मथळा दिला, तर सुरगाणा किंवा पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या माणसाने काय समजायचे? दिवाळीच्या गाड्यांची तिकिटे, की त्याच्या मुलीचा वसतिगृहातला प्रवेश? आदिवासी विकास आयुक्तालय ज्या शहरात आहे त्याच शहरात बसून मी हे वाचतो. 'आदिवासी' लिहायला किंवा 'अनुसूचित जमाती' लिहायला जास्तीची जागा लागते, हे मान्य. पण ज्या लोकांच्या वाट्याला वर्तमानपत्रात आधीच थोडी जागा येते, त्यांच्या नावातूनच जागा वाचवू नये.

आणि 'केवायसी'. गेल्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक झाली, तेव्हापासून आपल्या कॉलनीत कामाला येणाऱ्या बायकांच्या तोंडी हा शब्द सतत आहे. म्हणजे काय, असे मी त्यांच्यापैकी एकीला विचारले, तर ती म्हणाली, "ते केलं नाही तर पैसे बंद होतात, काका." अर्थ माहीत नाही, फक्त भीती माहीत आहे. ओळख पडताळणी एवढेच त्याचे काम, हे साधे शब्द तिला कुणीच सांगितले नव्हते. रिझर्व्ह बँक वारंवार बजावते की केवायसीच्या नावाखाली फोन करणाऱ्यांना पासवर्ड किंवा ओटीपी सांगू नका. आणि अशा फोनला माणसे फसतात त्याचे एक कारण मला हे दिसते की शब्दाचा अर्थच ठाऊक नसेल, तर पलीकडचा माणूस सांगेल तोच त्याचा अर्थ होतो. 'तुमची ओळख पडताळायची आहे' असे म्हणणाऱ्याला निदान 'तू कोण?' असे उलट विचारता तरी येते.

माझ्या स्वतःच्या महसूल खात्याचे सांगितल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. जुन्या सातबाऱ्यावर नावाच्या आधी 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरे असत. एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावंडांची, पण कागदाला एक नाव हवे म्हणून थोरल्याचे लावलेले. तो मालक म्हणून नव्हे, तर सर्वांच्या वतीने कारभार पाहणारा म्हणून तिथे आहे, एवढा मोठा अर्थ त्या इवल्या अक्षरांवर सोडून दिलेला. तसेच 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता: वारस अजून वयात आलेला नाही, तोवर सांभाळणारा हा. सातबाऱ्याचे नवे पुस्तक लिहिताना किंवा पुढे नोंदी संगणकावर चढवताना ही अक्षरे कुणाच्या तरी हातून गळत, कारण लिहिणाऱ्यालाच ती निरर्थक वाटत. एका गावात असे झाले आणि एक पिढी उलटल्यावर थोरल्याची मुले म्हणू लागली की जमीन आमच्या वडिलांची एकट्याची. धाकट्या भावाच्या विधवेला आणि दोन बहिणींना आपला हिस्सा सिद्ध करण्यासाठी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनातील चूक दुरुस्त करता येते, पण चूक झाली आहे हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावे लागते. त्या बाईला वाचता येत होते. दरवर्षी उतारा तिच्या हातात पडत होता. 'एकत्र कुटुंबाच्या वतीने' असे शब्द तिथे असते, तर ते ज्या वर्षी गेले त्याच वर्षी तिने कचेरीत येऊन विचारले असते. म्हणूनच मी माझ्या सज्ज्यात, म्हणजे तलाठी म्हणून माझ्याकडे असलेल्या गावांत, उतारा देताना प्रत्येकाला ही अक्षरे मोठ्याने उलगडून सांगत असे, आणि त्यामुळे रांग वाढते अशी कुरकुरही ऐकत असे.

दवाखान्यातही हेच आहे, पण त्याबद्दल थोडक्यातच लिहितो. तुझ्या आत्याला घरी सोडले तेव्हा तिच्या कागदावर गोळ्यांपुढे 'ओडी', 'बीडी' आणि 'टीडीएस' असे लिहिलेले होते, आणि समजावून सांगणारे कुणी नव्हते. टीडीएस म्हणजे पगारातून कापलेला कर, एवढेच आम्हाला माहीत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा आणि टीडीएस म्हणजे तीन वेळा, हे औषधाच्या दुकानात कळले. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ सालीच वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी केली. इन्सुलिनच्या मात्रेपुढे 'युनिट' या शब्दाऐवजी काढलेले इंग्रजी 'यू' हे अक्षर शून्यासारखे वाचले गेले की मात्रा दहापट होते, हे त्यामागचे एक कारण होते.

आता तुझ्या जागेच्या अडचणीकडे येतो. ती खरी आहे, पण प्रत्येक वेळी नाही. इंग्रजीतली आद्याक्षरे देवनागरीत लिहिली की ती लहान राहतातच असे नाही. 'एमएसईडीसीएल' आणि 'महावितरण' शेजारी शेजारी लिहून बघ. 'पीडब्ल्यूडी'पेक्षा 'बांधकाम खाते' वाचायला सोपे आहे, 'एनए जमिनी'ला आपल्याकडे 'बिनशेती' हा चांगला शब्द पूर्वापार आहे, आणि 'एपीएमसी' लिहून तुम्ही 'बाजार समिती'च्या तुलनेत किती जागा वाचवता, हे मला तरी दिसत नाही. अशा ठिकाणी जागा हे कारण नसते, सवय हे कारण असते. लोक शोधतानाही 'आरटीई' असेच टाइप करतात, हा तुझा मुद्दा मात्र मला पटला. मग मथळ्यात ते ठेव, पण त्याखालच्या पहिल्याच वाक्यात 'खासगी शाळांतील २५ टक्के मोफत जागा' असे शब्द येऊ देत. त्याने शोधणाऱ्यालाही बातमी सापडेल आणि वाचणाऱ्यालाही ती आपल्यासाठी आहे हे समजेल.

एक गोष्ट बातम्यांबाहेरची, पण माझ्या मनात राहिलेली. आपल्या गल्लीतले जोशीकाका गेले, तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर एकाखाली एक 'आरआयपी' ('रेस्ट इन पीस'ची आद्याक्षरे) येत राहिले. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येकाच्या दारात जाऊन चौकशी केली, त्याच्यासाठी कुणी एक वाक्यही लिहिले नाही. मी त्यांच्या मुलाला पत्र लिहिले. तूही दोन ओळी पाठव. लहानपणी त्यांच्या सायकलवर पुढे बसून तू पंचवटीला जात असायचीस, ते त्याला आठवत असेल.

तुमच्या संपादकांशी बोलून निदान एवढे ठरवता येईल का, ते बघ: पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव, संक्षेप त्यानंतर, आणि ज्याला मराठी नाव आधीपासून रुळलेले आहे, तिथे तेच. सातबाऱ्यावरच्या आणि फेरफारातल्या जुन्या संक्षेपांचे अर्थ मी नोकरीत असताना एका वहीत उतरवून ठेवले होते. पुढच्या आठवड्यात आई तुझ्याकडे येते आहे, तिच्याबरोबर ती वही पाठवतो. जमिनीच्या बातम्या पाहणाऱ्या तुझ्या सहकाऱ्याला ती दाखव, आणि छापण्याजोगे वाटले तर छापा. माझे नाव घालण्याची गरज नाही.

तुझा,
बाबा