बॅनर राहिलं, शिक्षणाचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भारतातल्या विद्यापीठांनी खेळाच्या बाबतीत अमेरिकेचा कित्ता गिरवावा, असं सुचवणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखकानं केलेलं इथल्या स्टेडियमचं, स्कॉलरशिपचं आणि गर्दीचं वर्णन खरं आहे. पण मी नॉर्थ कॅरोलायनात कॅरी इथं बरीच वर्षं राहतो. चॅपल हिलचं विद्यापीठ इथून अर्ध्या तासावर आहे, मुलगी तिथंच शिकली आणि तिच्यामुळे सगळं घर त्या संघाचं झालं. त्या लेखात न आलेली बाजू मी जवळून पाहिली आहे, म्हणून हे पत्र.

बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन घडला ते हे विद्यापीठ. तो 1984 मध्ये एनबीए या व्यावसायिक साखळीत गेला, पण 1986 मध्ये त्यानं भूगोलाची पदवी पुरी केली. इथले जुने लोक हे फार अभिमानानं सांगतात. खेळ आणि अभ्यास दोन्ही सचोटीनं करायची आमची रीतच वेगळी, असं इथं लहानपणापासून शिकवलं जातं. जेमतेम दहा मैलांवर ड्यूक, पलीकडे रॅलीत नॉर्थ कॅरोलायना स्टेट. तीन विद्यापीठांचं हे वैर ऑफिसात, शाळेत, देवळाच्या पार्किंगमध्येही चालू असतं. संघ जिंकला की फ्रँकलिन स्ट्रीटवर हजारो पोरं उतरतात. एकवीस हजारांहून जास्त प्रेक्षक मावतील एवढ्या डीन स्मिथ सेंटर या बास्केटबॉलच्या स्टेडियमच्या छताला अजिंक्यपद जिंकलेल्या वर्षांची बॅनरं टांगलेली आहेत. ती पाहताना ऊर भरून येतो, माझाही येतो.

याच विद्यापीठात 1993 ते 2011 अशी अठरा वर्षं आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात ‘पेपर क्लास’ चालले. वर्ग भरायचा नाही, प्राध्यापक भेटायचे नाहीत. सेमिस्टरच्या शेवटी एक निबंध द्यायचा, तो विभागाच्या कार्यालयातली एक कर्मचारी तपासणार आणि बहुतेक वेळा ए नाहीतर बी देणार. केनेथ वेनस्टीन या माजी सरकारी वकिलांचा चौकशी अहवाल ऑक्टोबर 2014 मध्ये आला. त्यात अशा विद्यार्थ्यांचा आकडा 3100 च्या वर निघाला. विद्यापीठात खेळाडू शेकडा चार-पाच, पण या वर्गांतल्या जागांपैकी जवळपास निम्म्या त्यांच्या.

अहवालातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. ग्रेड देणाऱ्या त्या बाई बास्केटबॉल संघाच्या इतक्या कट्टर चाहत्या होत्या, की संघ हरला तर कधीकधी एक-दोन दिवस त्यांना कामावर येववत नसे. अडलेल्या मुलांबद्दल त्यांना मनापासून कणव होती, हेही अहवालात आहे आणि ते मला खरं वाटतं. दुसरी गोष्ट त्या निवृत्त झाल्यानंतरची, 2009 सालची. खेळाडूंच्या अभ्यासाचे सल्लागार फुटबॉलच्या (म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या, सॉकरच्या नव्हे) प्रशिक्षकांना पडद्यावर दाखवून सांगत होते, की आतापर्यंत आपल्या मुलांसाठी असे वर्ग होते जिथं हजर राहावं लागत नव्हतं, वहीत काही उतरवून घ्यावं लागत नव्हतं, जागंही राहावं लागत नव्हतं. आता ते वर्ग उरले नाहीत. हे चोरून नव्हे, बैठकीत सांगितलं गेलं. अडचण मांडावी तसं.

आता चाहत्यांविषयी, कारण माझा मुद्दा तोच आहे. 2011 मध्ये चॅपल हिलच्या एका फुटबॉलपटूनं कोर्टात दावा लावला, त्याच्या कागदपत्रांत त्याचा एक निबंध जोडलेला होता. नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या चाहत्यांनी तो ओळ न् ओळ वाचला आणि मजकूर कुठून कुठून उचलला आहे ते शोधून काढलं. त्या मुलाचा निबंध इतक्या काळजीनं त्याआधी विद्यापीठात कुणी वाचला असेल, असं मला वाटत नाही. पण त्या वाचणाऱ्यांनाही त्याच्या शिकण्याशी देणंघेणं नव्हतं. शिक्षा होऊन शेजारच्याची बॅनरं उतरलेली त्यांना पाहायची होती.

आणि आमच्या बाजूचे? आम्ही चिडलो ते बातमी देणाऱ्यांवर. रॅलीच्या ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’चे वार्ताहर डॅन केन वर्षानुवर्षं हे प्रकरण खणत राहिले. त्यांच्याविषयी आमच्या लोकांच्या तोंडून जे ऐकलं ते आपल्या अंकात छापता येणार नाही. खेळाडूंना शिकवणाऱ्या मेरी विलिंगहॅम यांनी काही मुलांना धड वाचताही येत नाही असं जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या आकडेवारीवर विद्यापीठानं आक्षेप घेतला. आक्षेप घ्यायला हरकत नाही, पण त्या बाईंना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, त्या कशासाठी? 1999 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातही असंच झालं होतं. कार्यालयातल्या एका बाईंनी बास्केटबॉल खेळाडूंचे चारशेवर गृहपाठ आणि निबंध लिहून दिले, ही बातमी तिथल्या वर्तमानपत्रानं मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर छापली. लोकांचा राग वर्तमानपत्रावर निघाला. खुद्द गव्हर्नर वर्तमानपत्राला दोष देत होते. पुढच्या वर्षी त्या बातमीला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

13 ऑक्टोबर 2017 ला एनसीएए या विद्यापीठांतल्या खेळांच्या नियामक संस्थेचा निर्णय आला. ते वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, तेव्हा खेळाडूंना वेगळा लाभ दिला असं म्हणता येत नाही, म्हणून पेपर क्लाससाठी संघांना काही शिक्षा नाही. 2005, 2009 आणि त्याच वर्षीचं 2017, तिन्ही बॅनरं राहिली. शुक्रवार होता. संध्याकाळी आमच्याकडच्या दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम होती. अर्धे पुरुष आकाशी टी-शर्ट घालून आले आणि एकानं चक्क पेढे आणले. मी विचारलं, “पेढे कशाचे?” तर तो म्हणाला, “काका, बॅनर राहिलं ना!” भला मुलगा आहे, चांगल्या नोकरीत आहे, स्वतःच्या लेकीचा गृहपाठ रोज रात्री जातीनं तपासतो. ज्या मुलांना आपण त्या छताखाली टाळ्या वाजवल्या त्यांना या निर्णयानं काय मिळालं, असं मी तिथंच विचारलं. उत्तर कुणाकडे नव्हतं आणि तालीम सुरू झाली.

शिक्षा झाल्या असत्या तरी त्या मुलांना काय मिळालं असतं, हेही विचारायला हवं. याच विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला 2012 मध्ये, वेगळ्या गुन्ह्यांसाठी, शिक्षा झाली होती. 2008 आणि 2009 चे विजय नोंदीतून पुसले, एका हंगामात ‘बोल’ची, म्हणजे हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याची बंदी, 15 स्कॉलरशिपा कमी. नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे 2012 आणि 2013 चे सगळे 21 विजय पुसले गेले. मिझुरी विद्यापीठात एका ट्युटरनं बारा खेळाडूंची कामं करून दिली. विद्यापीठानं चौकशीत पूर्ण साथ दिली, तरी 2019 मध्ये संघांवर हंगामाअखेरच्या स्पर्धांची बंदी आली. तिथले चाहते संतापले, की चॅपल हिलला काही नाही आणि आम्हालाच का? तक्रार रास्त होती. पण बंदी भोगली ती बहुतेक नव्या मुलांनी, आणि ज्यांचं शिक्षण बुडालं होतं ते तोवर निघून गेले होते. विजय कागदावरून पुसल्यानं कुणाला बीजगणित येत नाही.

जानेवारी 2015 मध्ये चॅपल हिलच्या दोन माजी खेळाडूंनी, एक फुटबॉलचा आणि एक महिला बास्केटबॉलची, दावा लावला की स्कॉलरशिपच्या बदल्यात कबूल केलेलं शिक्षण आम्हाला दिलं नाही. त्यावर एनसीएएचं कोर्टातलं म्हणणं काय होतं? विद्यापीठांतल्या वर्गांच्या दर्जाची हमी घेणं ही कायद्यानं आमची जबाबदारी नाही. ही बातमी आमच्या मित्रमंडळीत कुणाच्या लक्षातही राहिलेली नाही. 2017 चा अंतिम सामना 71-65 असा जिंकला, हे सगळ्यांना पाठ आहे.

मी शनिवारी इथल्या एका केंद्रात प्रौढांना गणित आणि लिखाण शिकवायला जातो. तिथं एक माजी फुटबॉलपटू यायचा. कुठल्या विद्यापीठाचा ते लिहीत नाही. तिशी ओलांडलेला, पदवीधर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गोदामात काम करत होता आणि सुपरवायझरच्या जागेसाठी त्याला अर्ज लिहायचा होता. तीन ओळी लिहायचा आणि खोडायचा. खोडरबरानं कागद फाटला. मग मी त्याला त्याच्या संघाच्या एखाद्या चालीविषयी विचारलं. त्यानं कागद उलटा केला आणि अकरा जणांच्या जागा काढल्या. कोण कधी सुटणार, समोरच्यानं असं केलं तर आपण काय बदलायचं, हे सगळं बाण काढून, न अडखळता. दहा वर्षांपूर्वीची चाल! जाडजूड पुस्तकभर चाली त्यानं एके काळी पाठ केल्या होत्या. त्याला इंजिनियर व्हायचं होतं, पण प्रयोगशाळेची वेळ सरावाच्या वेळेला आडवी येत होती. विषय कुठले घ्यायचे ते ऑफिस ठरवायचं. चार वर्षांत स्वतः लिहिलेला एकही निबंध त्याला आठवत नव्हता. ही मुलं शिकणारी नसतातच, असं कुणी म्हणालं की मला त्याचा तो कागद आठवतो. त्याच्याकडून चार वर्षं काम करून घेतलं आणि मोबदला म्हणून जे द्यायचं होतं ते दिलं नाही. याला मी फसवणूक म्हणतो, आणि ती गॅलरीत बसून पाहणाऱ्यांनी गप्प राहू नये असं मला कळकळीनं वाटतं.

आता तर काळ आणखी बदलला. जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर. चॅपल हिलनं फुटबॉलसाठी बिल बेलिचिक या नामांकित प्रशिक्षकांना वर्षाला 1 कोटी डॉलरवर आणलं. खेळाडूंना पैसे मिळताहेत याचा मला आनंदच आहे, ते त्यांच्या घामाचे आहेत. पण आता कुठल्या गप्पांत अभ्यासाचा विषय निघालेला मी ऐकलेला नाही.

मी मूळचा तासगावचा. आमच्याकडे कबड्डीच्या पोरांना मास्तर सांभाळून घ्यायचे, हजेरीची अडचण सोडवायचे. त्यात माया होती. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत, आणि या जागांसाठी बोगस प्रमाणपत्रं निघाल्याच्या बातम्या आपणच छापल्या आहेत. तेव्हा अमेरिकेकडून मैदानं घ्या, डॉक्टर घ्या, प्रशिक्षण घ्या. त्याबरोबर प्रत्येक खेळाडूला सरावाच्या वेळा सांभाळून खऱ्या वर्गात बसता येईल असं वेळापत्रक पहिल्या दिवसापासून करा, आणि ते प्रशिक्षकाच्या हाती देऊ नका.

आपल्याला एक विनंती आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांचे निकाल आपण छापता. विजेत्या संघातली किती मुलं त्या वर्षी परीक्षेला बसली, किती पास झाली आणि पाच वर्षांपूर्वीच्या संघातली मुलं आज काय करतात, हेही आपल्या वार्ताहरांनी विचारावं. कुलगुरूंना विचारावं आणि उत्तर मिळालं नाही तर तसं छापावं. त्यावर चाहत्यांची रागाची पत्रं येतील. तीही छापावीत.

आपला,
एक जुना वाचक
कॅरी, नॉर्थ कॅरोलायना