शक्ती-तुऱ्याच्या पोरांना प्रॅक्टिसला जागा द्या

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

लोककला संपत चालली असं दर दोन-चार महिन्यांनी कुठेतरी छापून येतं आणि मला दरवेळी वाटतं की लिहिणाऱ्याने एकदा भांडुप, दिवा नाहीतर नालासोपाऱ्याला रात्री नऊनंतर चक्कर मारावी. आमच्या कोकणातली पोरं दिवसभर कुरिअर, सिक्युरिटी, दुकानात हमाली अशी कामं करून, खचाखच भरलेल्या लोकलने घरी येऊन, दोन घास पोटात टाकून परत जाखडीच्या, म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या नाचाच्या, प्रॅक्टिसला उभी राहतात. त्याचे पैसे कोण देत नाही त्यांना, उलट ड्रेस, घुंगरू, गाडीभाडं सगळं वर्गणी काढून चालतं. संपलेली कला अशी असते का?

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मधे शाहीर, ढोलकीवाला, झांजवाले बसतात आणि भोवती गोल धरून पोरं नाचतात, एक पार्टी शक्तीवाल्यांची, म्हणजे शक्तीला मोठं मानणाऱ्यांची, एक तुरेवाल्यांची, म्हणजे शिवाला मोठं मानणाऱ्यांची. आधी गण, मग गवळण, आणि मग सवाल-जवाब, ज्यासाठी पब्लिक थांबलेलं असतं. समोरच्याने पुराणातला एखादा अडचणीचा प्रश्न गाण्यातून टाकला की ह्याने तिथल्या तिथे चालीत बसवून उत्तर द्यायचं. मी अगदी पुढे बसून बघितलंय, शाहीर ओठातल्या ओठात शब्द जुळवत असतो, ढोलकीवाला त्याच्या तोंडाकडे बघत तोच ठेका धरून ठेवतो, अजिबात घाई करत नाही, मागचे कोरसवाले तीच ओळ परत परत घोळवतात, आणि शाहिराला सुचलं की तो नुसती मान हलवतो, त्यासरशी ढोलकी अशी उसळते की अंगावर काटा येतो. हे एकमेकांना सांभाळून घेणं प्रॅक्टिसशिवाय येत नाही, आणि प्रॅक्टिसलाच जागा राहिली नाही ही माझी तक्रार आहे.

पूर्वी लालबाग-परळला गाववाल्यांच्या सामाईक खोल्या होत्या, चाळींना गॅलऱ्या होत्या. याच गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने माणसं गोळा केली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, आमची माणसं लांब लांब फेकली गेली आणि कला त्यांच्याबरोबर तिकडे गेली. परळचं दामोदर म्हणजे १९२२ पासूनचं नाट्यगृह, नमन, शक्ती-तुरा, दशावतार या कोकणातल्या सगळ्या लोककलांचं हक्काचं ठिकाण, तेही २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद झालं. आता आमच्याकडची पोरं कधी गच्चीवर तर कधी पार्किंगमधे उभी राहतात, पाऊस आला की ढोलकीची पुडी (वरचं चामडं) उतरते आणि ढोलकीवाला बिचारा पाना घेऊन आवळत बसतो. वर सोसायटीवाले तासाभरात खाली येतात. त्यांचंही चुकत नाही, घरात म्हातारी माणसं असतात, दहावी-बारावीची पोरं असतात, पण मग यांनी जायचं कुठे?

पालिकेच्या कितीतरी शाळा संध्याकाळी बंदच असतात. तिथला एखादा हॉल आठ ते दहा नाममात्र भाड्याने नोंदणीकृत मंडळांना द्या, सफाईची जबाबदारी मंडळांकडून लिहून घ्या, मग कोणाची झोपही मोडणार नाही. आणि मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ही पालिकेचीच नाट्यगृहं आहेत, तिथे महिन्यातली एक तरी तारीख नमन-जाखडीसाठी सवलतीत राखून ठेवा. शनिवार-रविवारच द्या, कारण आमचे कलाकार नोकरीवाले आहेत, मंगळवारी दुपारची तारीख घेऊन ते काय करणार? ज्या राज्याचं राज्यगीत शाहीर साबळेंच्या आवाजात घराघरात पोचलं त्या राज्याच्या राजधानीला हे जड जाऊ नये.

साहेब, तुमच्याकडेही एक मागणं आहे. नाटकांच्या वेळा छापता त्याच पानावर शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांच्या तारखाही छापा, आम्हाला त्या व्हॉट्सअपच्या फॉरवर्डवरून कळतात आणि बाहेरच्या माणसाला तर कळतच नाहीत. आणि कधी बातमी केलीत तर शाहिरांबरोबर ढोलकी, झांज आणि कोरसवाल्यांची नावंही टाका, ती कोणत्याच पोस्टरवर नसतात.

आपली वाचक,
भांडुप, मुंबई