तास भरले, हात बसला का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

करोनाकाळात ऑनलाइन शिकून परवाना मिळवलेल्यांकडे आजही संशयाने पाहिलं जातं. 'झूमवर शिकलेली नर्स' हा टोमणा तर मी अनेकदा ऐकला आहे. परिचारिका आणि रुग्णसेवकांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे राहवलं नाही म्हणून हे पत्र.

वर्ग ऑनलाइन नेले हे योग्यच झालं, हे आधी स्पष्ट करते. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० ला आणीबाणी जाहीर केली आणि ती उठली ५ मे २०२३ ला. एवढा काळ वर्गांना कुलूप लावून नव्या परिचारिका आणायच्या कुठून, याचं उत्तर टोमणे मारणारे देत नाहीत. शिवाय औषधाच्या मात्रेचं गणित, संसर्ग रोखण्याचे नियम, कायदा, नोंदी ठेवणं हे सगळं पडद्यावर उत्तम शिकवता येतं. मागच्या बाकावर बसून नुसती मान डोलावणाऱ्या मुली चॅटमध्ये धडाधड प्रश्न विचारायला लागल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. रेकॉर्डिंग दोनदा-तीनदा ऐकायची सोय झाली, ती तर वेगळीच.

अडलं ते हाताच्या कामापाशी. सीपीआरचंच घ्या, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवण्याचा उपचार. प्रौढ माणसाची छाती किमान ५ सेंटीमीटर दाबायची, ६ च्या पुढे जायचं नाही, वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. घरात सरावाचा पुतळा नाही, म्हणून मुलींनी उशीवर सराव केला. उशी कशीही दाबली तरी दबते. पुतळ्याची छाती उलटा जोर लावते, त्या जोरावरूनच हाताला अंदाज येतो. आणि कॅमेऱ्यातून मला काय दिसायचं? एक खांदा आणि वरचा पंखा. फोन पुस्तकाला टेकवून ठेवलेला, तो मध्येच घसरायचा. कोपर वाकलं का, दमल्यावर ती रुग्णाच्या छातीवरच रेलते आहे का, हे ओळखायला शेजारी गुडघे टेकून बसावं लागतं. वेग तेवढा मोजता यायचा, तोही नेट अडखळलं नाही तर.

मुलींचा यात काही दोष नव्हता, आणि तंत्रज्ञानाचाही फारसा नाही. माझा राग नियमावलीवर आहे. परवान्यासाठी अमुक तास भरा, एवढंच तिला कळतं. वर्ग ऑनलाइन गेले तेव्हा तेच तास जसेच्या तसे पडद्यावर चढवले. आम्ही वर पाठवायच्या फॉर्ममध्ये एकच रकाना होता, 'एकूण तास'. मात्रेचं गणित शिकलेला तास आणि उशी दाबलेला तास त्यात शेजारी शेजारी बसले. हजेरीसाठी दर काही मिनिटांनी 'मी इथे आहे' असं बटण दाबायला लावणारी सॉफ्टवेअरही आली. माणसाला बटण दाबता येतं, एवढं त्यातून नक्की सिद्ध होतं!

परीक्षांच्या बाबतीत मात्र काही ठिकाणी डोकं चालवलं गेलं. अमेरिकेतली परिचारिकांची परवाना परीक्षा, एनक्लेक्स, मार्च २०२० मध्ये केंद्रं बंद झाल्याने काही दिवस थांबली. पुन्हा सुरू करताना तिच्यातले चाचणीपुरते घातलेले, गुण नसलेले प्रश्न काढले आणि ती आखूड केली. परीक्षा केंद्रावरच राहिली आणि उत्तीर्ण होण्याची पातळीही खाली आणली नाही. काय टाकायचं आणि काय धरून ठेवायचं, हे ठरवणाऱ्यांना माहीत होतं. याउलट तिथल्याच मिशिगन राज्याने जुलै २०२० मध्ये वकिलीची परीक्षा ऑनलाइन घेतली आणि पेपर चालू असताना उमेदवारांना लॉगिनच होईना. युटा राज्याने त्याआधीच पात्र पदवीधरांना परीक्षेशिवाय, देखरेखीखाली ठरावीक तास काम करून सनद घ्यायची वाट मोकळी केली होती. मला ती वाट जास्त शहाणपणाची वाटते. तिथल्या डॉक्टरांची स्टेप टू सीएस ही परवान्यासाठीची परीक्षा, जिच्यात रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसाला तपासावं लागे, मार्च २०२० मध्ये थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. सोय म्हणून गेलेली गोष्ट परत येतेच असं नाही, त्याचा हा नमुना.

आपल्याकडेही हा प्रश्न आला. परदेशात वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी शेवटच्या वर्षाला असताना मायदेशी परतले आणि उरलेलं ऑनलाइन शिकले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितल्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जुलैत ठरवलं, की ज्यांना ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळाली त्यांना परदेशी पदवीधरांच्या पात्रता परीक्षेला बसू द्यायचं, पण पुढे एका वर्षाऐवजी दोन वर्षं इंटर्नशिप. जे हुकलं ते रुग्णाजवळ भरून काढायचं, हा विचार मला पटतो. पण तो यायला कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि कुणाचं किती हुकलं हे न पाहता सगळ्यांना सरसकट एक वर्ष वाढवून मिळालं.

म्हणून माझी मागणी अशी, की हे सगळं साथ नसताना ठरवा. प्रत्येक अभ्यासक्रमात कोणता भाग पडद्यावर जाऊ शकतो आणि कोणता कधीच नाही, हे आजच लिहून ठेवा. दुसऱ्या भागासाठी वर्ग भरवणं शक्य नसेल तर मुदतीचा, तात्पुरता परवाना द्या, अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करू द्या आणि मुदत संपायच्या आत हाताची परीक्षा समोरासमोर घ्या. जिच्या घरात तिघांत एकच फोन आहे तिला सवलतीची तारीखही त्याच नियमात असू द्या, दर वेळी अर्ज-विनंत्या नकोत. आणि ज्यांचे परवाने त्या काळात निघाले त्यांना टोमणे मारण्यापेक्षा एका दुपारी बोलवा, पुतळा पुढे ठेवा. बहुतेकींचा हात एव्हाना वॉर्डात काम करून बसला असेल. उरलेल्यांना तिथल्या तिथे शिकवता येईल.

फॉर्म मात्र अजून तोच आहे. निदान त्यात एक रकाना वाढवावा: प्रात्यक्षिक कुठे झालं आणि कुणी पाहिलं.

आपली,
एक प्रशिक्षिका