कॅमेरे बसवून देणाऱ्या भाऊंस

भाऊ,
स.न.वि.वि.

देवगडकडच्या आपल्या वाडीतली निम्मी घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असतात. अशा घराचा कॅमेरा रात्रीतून वीस-पंचवीस वेळा मोबाइल वाजवायला लागला, की मुंबईतला माणूस नोटिफिकेशनच बंद करून टाकतो. मग कॅमेरा असून नसल्यात जमा. तुम्ही लावून दिलेले कॅमेरे वाजतात तेव्हा बहुतेक वेळा खळ्यात खरंच कोणीतरी आलेलं असतं. म्हणून हे जाहीर आभार. तुम्ही नेमकं काय केलंत तेही लिहितोय, आजूबाजूच्या वाड्यांना उपयोगी पडेल.

साध्या मोशन डिटेक्शनला, म्हणजे कॅमेऱ्याच्या हालचाल टिपायच्या सोयीला, माणूस कळत नाही आणि चोर तर नाहीच. आधीच्या फ्रेममध्ये आणि आताच्या फ्रेममध्ये किती फरक पडला, एवढंच ते बघतं. सेन्सिटिव्हिटी ठरवते किती बारीक फरक धरायचा. थ्रेशोल्ड ठरवतो चित्राचा किती भाग बदलला की बोंब मारायची. खोट्या अलार्मला वैतागून बहुतेक जण सेन्सिटिव्हिटी तळाला नेतात. झावळ्या गप्प होतात खऱ्या, पण काळोखात गडग्याच्या कडेने सरकणारा माणूसही सुटतो. तुम्ही सेटिंगला हात लावायच्या आधी कॅमेराच हलवलात. कौलांच्या वाशाखाली तो होता तेव्हा पावसात पागोळ्यांचा पडदा थेट भिंगासमोर यायचा, आणि रात्री त्याचाच आयआर (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा) उजेड वाशावर आपटून चित्र धुरकट व्हायचं. तिथून काढून तो खळ्याच्या कडेच्या खांबावर, साधारण नऊ फुटांवर, फाटकाच्या वाटेला आडवा लावलात. कॅमेऱ्याकडे सरळ चालत येणारा माणूस चित्रात जवळपास जागच्या जागीच मोठा होत जातो, त्यामुळे उशिरा पकडला जातो. हालचाल बघायला चित्राची चौकोनी कप्प्यांत जाळी केलेली असते; आडवा जाणारा दोन पावलांत चार कप्पे ओलांडतो.

कॅमेरा खाली झुकवल्यावर आभाळ आणि माडांचे शेंडे चौकटीबाहेर गेले. उरलेली पोफळ आणि तुळशीपुढच्या दिव्याची जागा त्या जाळीतले तिथले कप्पे पुसून वगळलीत. त्यानंतरच सेन्सिटिव्हिटी मधोमध ठेवून थ्रेशोल्ड एकेक पायरी वर नेलात, आणि दर पायरीला एक माणूस फाटकापासून ओटीपर्यंत चालवलात. दिवसा एकदा, दिवेलागणीनंतर पुन्हा. ही दुसरी फेरी कोणी करत नाही, आणि घोळ नेमका रात्रीच होतो.

रात्रीचं खरं दुखणं पाखरांचं. डोळ्यांना जेमतेम दिसणारं चिलट भिंगापासून वीतभर अंतरावर आयआरच्या झोतात आलं, की पडद्यावर हाताएवढा पांढरा ठिपका सर्रकन फिरतो. कोळ्याचा एक धागा वाऱ्यावर हलला तरी अर्धी चौकट बदलते, कारण इतक्या जवळच्या वस्तूवर उजेड कितीतरी पट जास्त पडतो. यावर सेटिंगमध्ये औषध नाही. तुम्ही कॅमेऱ्याचा स्वतःचा आयआर बंद करून चार फुटांवर वेगळा आयआर दिवा लावलात. पाखरं आणि पावसाचे थेंब आता त्या दिव्यापुढे चमकतात, भिंगापुढे नाही. कोळ्यांची जाळी मात्र आठवड्याला कुंच्याने काढावीच लागतात. ते शेजारच्या काकूंनी अंगावर घेतलंय.

माणूस-वाहन ओळखणारा फिल्टर तुम्ही घराकडच्या कॅमेऱ्यांना लावलात, कलमांकडच्याला नाही. तिथे माकडंच तर पकडायची होती! हे कुठल्या पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

फाटकाजवळचा कॅमेरा रात्रीच बंद-चालू व्हायचा आणि दर वेळी अलार्म द्यायचा. तुम्ही व्होल्टेज मोजायचा मीटर लावलात तो काळोख पडल्यावर, आणि कॅमेऱ्याच्या टोकाला. आयआर पेटला की करंट वाढतो, लांब बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, आणि घरातून निघालेले १२ व्होल्ट तिकडे पोचेपर्यंत पुरे पडत नाहीत. वायर जाड टाकल्यावर तक्रार मिटली. दिवसा मोजून हे कधीच सापडलं नसतं.

रेकॉर्डिंग फक्त हालचालीवर न ठेवता चोवीस तास ठेवलंत, हेही बरं केलंत. हालचालीची नुसती खूण पडते. डिटेक्शन चुकलं तरी चित्र हातात राहतं. चार कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट), म्हणजे दिवसाला सुमारे ८६ जीबी. १ टीबीच्या डिस्कवर अकरा दिवस मागचं मिळतं. डीव्हीआरबरोबर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) राउटरही इन्व्हर्टरवर घेतलात, नाहीतर लाईट गेल्यावर रेकॉर्डिंग चालू आणि मोबाइल मुका, अशी गंमत होते.

खाऱ्या वाऱ्यासाठी जोड डब्यात, वायर खालून आत, डब्याआधी तिला एक झोळ, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जातं, स्क्रू खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ स्टीलचे. काच कोरड्या फडक्याने पुसायची नाही, मिठाने चरे पडतात. आधी गोड्या पाण्याने धुवायची, हे काकूंना दोनदा बजावून गेलात.

सगळे आकडे लिहिलेला कागद मीटरच्या पेटीत आतून चिकटवलेला आहे. पावसाळ्यात पोफळीखालचं रान कमरेएवढं वाढतं, तेव्हा तेवढ्या भागाचे कप्पे पुन्हा बघावे लागतील. श्रावण लागला की या, जेवायला इथेच.

आपले,
वाडीतले मुंबईकर