काढलेली जलपर्णी जाते कुठं?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, अमुक नदीला जलपर्णीचा विळखा, डासांनी नागरिक हैराण. मग आठ-दहा दिवसांनी दुसरी बातमी, जलपर्णी काढायला सुरुवात, सोबत पोकलेनचा फोटो. तिसरी बातमी मात्र मी आजवर वाचली नाही, ती म्हणजे काढलेली जलपर्णी पुढं गेली कुठं?

मी इंदापूर तालुक्यात उजनीच्या बॅकवॉटरला शेती करतो, त्यामुळं निम्मं उत्तर माझ्याकडं आहे. ती आमच्याकडं येते. वरच्या अंगाला मशीननं काढतात आणि तिथंच काठावर ढीग मारून ठेवतात, डंपरचा खर्च कोण करणार, आणि जूनचा पहिला दणका बसला की अख्खा ढीग परत पाण्यात. पवना दापोडीला मुळेत, इंद्रायणी तुळापूरला भीमेत, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत, म्हणजे पुणे-पिंपरीचं जे काय असेल ते शेवटी उजनीतच. कुठल्या एका पालिकेचं नाव घेत नाही, वरपासून खालपर्यंत सगळीकडं हीच तऱ्हा आहे. इथं मोटारीच्या फुटव्हॉल्वला मुळ्यांचा गुंता बसतो, मच्छीमारांची होडी ढकलत न्यावी लागते, आणि जाळं टाकलं तर चिलापी माशाऐवजी केंदाळच, म्हणजे ही जलपर्णीच, वर येतं.

ठेकेदार नव्वद टक्के नदी साफ केली म्हणून बिल काढतो, पण उरलेल्या दहा टक्क्यांचा हिशोब कोणी करत नाही. हे झाड खालून फुटवे सोडत जातं आणि सांडपाणी भरपूर असलं की साधारण पंधरा दिवसांत दुप्पट होतं. एका कोपऱ्यात एक गुंठा सोडला तर तीन महिन्यांत चौसष्ट गुंठे, म्हणजे दीड एकराच्या वर. आणि फुलं येऊन बी गाळात पडलं असेल तर ते पंधरा-वीस वर्षं सुद्धा जिवंत राहतं. म्हणजे पुढच्या वर्षीचं टेंडर याच वर्षी पेरलेलं असतं! मैलापाणी थांबल्याशिवाय हे संपणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण ते थांबेपर्यंत निदान काढलेला माल तरी नीट वापरा की.

वापर म्हटलं की लगेच कोणीतरी बास्केट आणि पर्सचे फोटो पाठवतं. चांगलं आहे, आसामात बायका लांब देठं वाळवून चटया, टोपल्या विणतात, गुवाहाटीजवळच्या दीपोर बील तळ्याकाठच्या पोरींनी योगा मॅट केली, त्यांचं कौतुकच आहे. पण त्याला लांब, न चिरलेली देठंच लागतात, मुळं आणि पानं वायाच, आणि पोकलेननं चेंगरलेला माल तर त्या कामाचा राहतच नाही. टोपल्या विकून भीमा मोकळी होणार नाही. ढिगानं खपायचं असेल तर खत आणि आच्छादन हाच रस्ता आहे, त्यानंतर फार तर बायोगॅस, तो सुद्धा बारीक करून शेणात मिसळला तर.

आता यातली खरी अडचण सांगतो. जलपर्णीत नव्वद-पंच्याण्णव टक्के पाणी असतं. फुगलेलं देठ बोटांनी दाबून बघा, आत नुसता स्पंज. टनभर ओला माल वाळला की पन्नास ते शंभर किलो उरतो. म्हणून तो ट्रकनं लांबच्या खत प्रकल्पाला न्यायचा म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहायचं. काम काठालाच व्हायला पाहिजे, पण पुराच्या रेषेच्या वर. आम्ही मुळं वर करून दोन-तीन दिवस उन्हात पसरतो, कडकडीत वाळू देत नाही, मऊ पडलं की कडबा कुट्टीतून काढतो आणि उसाचं पाचट अन् शेणकाला घालून थर लावतो. नुसती ओली जलपर्णी रचली तर काळा चिखल होतो आणि वास इतका सुटतो की शेजारी भांडायला येतात. पाचट घातलं की हवा खेळती राहते, ढीग तापतो, चार-पाच दिवसांनी आत हात घालवत नाही. ती उष्णता महत्त्वाची, बी मरतं ते त्यानंच, म्हणून चाळवून बाहेरचं आत घ्यायचं. अडीच-तीन महिन्यांत खत तयार. केळीच्या बुडाला तर वाळवून तशीच टाकली तरी चालते, ओल टिकते आणि पोटॅश मिळतं.

पण एक गोष्ट ठणकावून सांगायला पाहिजे. ही वनस्पती पाण्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम ओढून घेते, सगळ्यात जास्त मुळांत. एमआयडीसीच्या नाल्याखालची जलपर्णी भाजीपाल्याला घालायची नाही, गुरांना तर अजिबात नाही. गावच्या तळ्यातली वेगळी आणि कारखान्याखालची वेगळी, सरसकट ‘सेंद्रिय खत’ म्हणून पोती भरून विकायला कोणी निघालं तर पहिलं लॅबचं कागद मागा. आणि तणनाशक मारायचा शॉर्टकट तर नकोच, मेलेली जलपर्णी तळाशी कुजते, पाण्यातला ऑक्सिजन खाते आणि मासे मरतात.

हा रोग काय आजचा नाही. बंगालमध्ये १९३६ साली जलपर्णीविरुद्ध कायदाच केला होता, पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत पक्षांच्या जाहीरनाम्यात सुद्धा ती होती. कायद्यानं ती गेली नाही. पण त्याच मुलखात, आताच्या बांगलादेशात, बारिसाल-पिरोजपूरकडचे शेतकरी पाण्यावरच जलपर्णीचे जाड थर रचून त्यावर भाजीपाला आणि रोपं घेतात, २०१५ साली एफएओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं, त्याला जागतिक वारसा शेती म्हणून मान्यता दिली. आपल्याला तरंगती शेती नको, जमीन आहे आपल्याकडं. पण काठावरच्या माणसाच्या हातात काम दिलं की फरक पडतो, एवढं तरी घ्या त्यातून.

म्हणून टेंडर काढणाऱ्यांना सांगणं आहे. पैसे नुसत्या काढलेल्या क्षेत्रावर देऊ नका, निम्मं बिल खत होऊन शेतात गेल्यावर द्या. फुलं यायच्या आत, हिवाळ्यातच सुरू करा, मे महिन्यात पोकलेन आणून काय उपयोग? काढायचं काम मच्छीमार सोसायट्यांना द्या, होड्या त्यांच्याकडं आहेत आणि पाणी त्यांना कळतं. कुट्टी मशीन ग्रामपंचायतीला द्या, पाचट आमच्याकडं फुकट आहे, जाळण्यापेक्षा बरं. आणि प्रत्येक ठिकाणच्या मालाची धातूंची तपासणी करून रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, मराठीत, म्हणजे कुठलं खत उसाला घालायचं आणि कुठलं फक्त रस्त्याकडेच्या झाडांना, ते आमचं आम्ही ठरवू.

आपला,
एक शेतकरी, उजनी बॅकवॉटर, ता. इंदापूर